शब्दाचा अर्थ कोठे असतो?

२०२३ सालच्या अखेरीस जालना जिल्ह्यात, आणि तसे पाहिले तर साऱ्या मराठवाड्यात, सरकारी कचेऱ्यांतील जुन्या दप्तरांचे रुमाल सोडण्याचे काम चालले होते. हैदराबादच्या निजामाच्या अमदानीतील महसुलाच्या वह्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांची रजिस्टरे यांची पिवळी पडलेली पाने एकेक करून उलटली जात होती. काही पाने मोडीत, काही उर्दूत, काही फार्सीत लिहिलेली. ती वाचण्यासाठी जाणकार माणसे हुडकून आणावी लागत. या सर्व खटाटोपात शोध चालला होता तो मुख्यत्वे एका शब्दाचा. तो शब्द म्हणजे ‘कुणबी’. ज्या घराण्याच्या पूर्वजाच्या नावापुढे हा शब्द सापडेल, त्या घरातील मुलास इतर मागासवर्गीयांत गणल्या जाणाऱ्या कुणबी जातीचा दाखला मिळावयाचा होता. महाविद्यालयातील जागेचा व सरकारी नोकरीचा मार्ग त्या दाखल्यावरून जात होता. ज्यांच्या पूर्वजांपुढे तो शब्द सापडला नाही, त्यांना हात हलवीत परत जावे लागे.

हा देखावा पाहणाऱ्या विचारी मनुष्याच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहतो. शंभर वर्षांपूर्वी ज्या कारकुनाने तो शब्द लिहिला, त्याच्या मनात त्याचा अर्थ काय होता? आज जो तो वाचतो, त्याच्या मनात काय आहे? हे दोन अर्थ एकच आहेत काय? आणि नसतील, तर शब्दाचा खरा अर्थ म्हणून ज्यास म्हणावयाचे तो असतो तरी कोठे? शाईत, लिहिणाऱ्याच्या मनात, की वाचणाऱ्याच्या गरजेत?

सामान्य समजूत अशी आहे की, शब्द हे एक भांडे असून अर्थ हा त्यात भरून ठेवलेला पदार्थ होय. बोलणारा ते भांडे भरून देतो, ऐकणारा ते रिकामे करून घेतो. ही समजूत व्यवहारास पुरेशी आहे. परंतु ती फार काळ टिकत नाही. कोणताही शब्दकोश उघडून पाहावा. एका शब्दापुढे अर्थ म्हणून दुसरे दोन शब्द दिलेले असतात. त्या दोहोंचा अर्थ पाहू जावे तर आणखी चार शब्द पुढे येतात. असे करीत मनुष्य अखेर पहिल्या शब्दाशी परत येतो. परंतु शब्दांच्या बाहेर असलेला निव्वळ अर्थ त्याच्या हाती कोठेच लागत नाही.

फेर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यात त्याने असे दाखविले की, शब्दाचे मोल त्याच्या स्वतःच्या अंगी नसून शेजारच्या शब्दांपासून तो जितका वेगळा असतो त्यात आहे. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग याने ‘अपोह’ या नावाने याच्या जवळचा विचार सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी मांडला होता. ‘गाय’ या शब्दाने जे कळते ते गाईचे कोणतेही गूढ तत्त्व नसून, जे जे गाय नाही त्याचा परिहार होय, असे त्याचे म्हणणे. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा (१९३०–२००४) याने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतून हा विचार आणखी एक पाऊल पुढे नेला. शब्द केवळ वेगळेपणावर जगत असेल, तर त्याचा अर्थ कोणत्याही एका क्षणी पुरा होणे शक्य नाही. पुढचा शब्द, पुढचा वाचक, पुढचा प्रसंग यांच्याकडे तो सतत लांबणीवर पडत राहतो, असे त्याने म्हटले. लिखाणाची ही घडण उकलून दाखविण्याच्या त्याच्या पद्धतीस मराठीत ‘विरचना’ हे नाव मिळाले आहे.

वेगळे असणे आणि लांबणीवर पडणे या दोन्ही क्रियांना फ्रेंच भाषेत एकच धातू आहे. त्यापासून झालेल्या नामात देरिदाने एक अक्षर मुद्दाम बदलले. तो बदल डोळ्यांना दिसतो, पण उच्चारात ऐकू येत नाही. मराठीत याच्या उलट चमत्कार घरोघरी घडतो. ‘जरा थांबा’ यातील ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाची ‘जरा’ ही कागदावर एकसारखी दिसतात. कानाला मात्र दोन्ही ‘ज’ निरनिराळे लागतात. म्हणजे लिहिलेला शब्द व उच्चारलेला शब्द यांतील कोणताही एक संपूर्ण नाही. प्रत्येकास दुसऱ्याची, आणि दोहोंसही आजूबाजूच्या वाक्याची, मदत घ्यावीच लागते.

हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे, हे जालना जिल्ह्याचा नकाशा पाहिला तरी लक्षात येते. जिल्ह्याच्या उत्तरेस भोकरदन हे गाव आहे. आजच्या मराठी कानाला त्या नावात भोकराचे झाड ऐकू येते. परंतु सांची व भारहूत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांचे जे प्राचीन लेख आहेत, त्यांत याच गावचे नाव ‘भोगवढन’ असे आले आहे. संस्कृतात ते भोगवर्धन, म्हणजे ऐश्वर्य वाढविणारे नगर. ऐश्वर्य गेले, ध्वनी झिजला, आणि झिजलेल्या ध्वनीत पुढच्या पिढ्यांनी आपल्या ओळखीचे झाड पाहिले. भोगवर्धन हा अर्थ खरा आणि भोकराचे झाड खोटे असे म्हणावे, तर ज्यांनी ते नाव इतकी शतके तोंडात जिवंत ठेवले त्यांनाच खोटे पाडावे लागेल.

त्याच भागात केळणा व जुई या नद्यांच्या संगमाजवळ असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्याच्याही सैन्यातील दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. पुढे इंग्रजी लष्करात ‘असई’ हा शब्द पलटणींच्या निशाणांवर बहुमानाचे चिन्ह म्हणून चढला. चौऱ्याहत्तराव्या पलटणीस तर त्या गावाचेच नाव मिळाले. मराठी इतिहास वाचणारास तोच शब्द पराभवाची आठवण देतो, आणि तेथील शेतकऱ्यास तो आपल्या शिवाराचे नाव म्हणून ठाऊक असतो. अक्षरे तीन, अर्थही तीन, आणि तिन्ही अर्थांचे धनी आपापल्या जागी प्रामाणिक.

स्थलनामांची गोष्ट सोडून दिली तरी, ज्या शब्दांवर माणसे आपले जीवित उभारतात त्यांचीही हीच कथा आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, घनसावंगी तालुक्यात, जांब हे गाव आहे. १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म तेथे झाला. शिवछत्रपतींच्या निधनानंतर संभाजीराजांना उद्देशून लिहिलेले जे पद्यमय पत्र समर्थांच्या नावे प्रसिद्ध आहे, त्यात मराठ्यांना एकत्र करण्याचा आणि ‘महाराष्ट्रधर्म’ वाढविण्याचा उपदेश आहे. हा ‘महाराष्ट्रधर्म’ शब्द समर्थांनी नवीन घडविला नव्हता. महिकावतीच्या बखरीचा जो भाग केशवाचार्याने शके १३७०, म्हणजे इ.स. १४४८ मध्ये रचला, त्यातही तो आहे. परंतु तेथे त्याचा रोख कुळे, गोत्रे, कुलाचार यांच्या रक्षणाकडे आहे. समर्थांच्या पत्रात त्याच शब्दास माणसे जोडण्याचा व राज्य राखण्याचा अर्थ येतो.

पुढे १९०० साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यांनी या शब्दात संतांनी घडविलेली उदार धर्मजागृती पाहिली, आणि युरोपातील धर्मसुधारणेशी तिची तुलना केली. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना ते वाचन मान्य झाले नाही. त्यांनी त्याच शब्दात स्वराज्यस्थापना व मराठ्यांचे एकीकरण असा राजकीय अर्थ वाचला. महिकावतीची बखर १९२४ साली संपादून प्रसिद्ध करणारेही राजवाडेच. त्याच्या आदल्याच वर्षी विनोबा भावे यांनी वर्ध्याहून नियतकालिक काढले, त्यासही ‘महाराष्ट्र-धर्म’ हेच नाव दिले. आणि त्याच्या पानांतून ते लिहीत ते उपनिषदांविषयी व आश्रमजीवनाविषयी. कुलाचार, राज्यरक्षण, धर्मसुधारणा, राजकारण, आत्मशोधन, इतके अर्थ एका सामासिक शब्दाने वाहिले. यांपैकी एकही पुरुष लबाड नव्हता किंवा भाषेत कच्चा नव्हता. प्रत्येकाने आपल्या काळाची निकड त्या शब्दाजवळ नेली, आणि शब्दाने तिला जागा दिली.

ही जागा शब्दात मुळातच असते, हा देरिदाच्या म्हणण्यातील मुख्य मुद्दा होय. ‘धर्म’ या पदात आचार, कर्तव्य, स्वभाव, पंथ इतक्या छटा आधीच एकमेकींना खेटून उभ्या आहेत. कोणत्याही एकीस पुढे करावे तर बाकीच्या नाहीशा होत नाहीत. त्या मागे उभ्या राहतात व संधी येताच पुढे सरतात. त्याच पत्रातील ‘मराठा’ या शब्दाचेही तसेच आहे. मराठी देशातील सारे लोक, की शस्त्र धरणारा वर्ग, की एक विशिष्ट जात? वाचणारा आपला पक्ष ठरवितो आणि शब्दानेच आपणास तसे सांगितले असे म्हणतो.

आता कचेरीतील त्या पिवळ्या पानाकडे वळावे. ‘कुणबी’ हा शब्द अनेक भाषापंडित ‘कुटुंबिन्’ या संस्कृत शब्दापासून आला असे मानतात. म्हणजे कुटुंबवत्सल गृहस्थ, स्वतःचे घरदार व शेतीवाडी असलेला मनुष्य. मराठी बोलण्यात पुष्कळ काळ तो शेती करणारा एवढ्याच अर्थाने चालत आला. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कुणबी, माळी व धनगर हे एकाच शेतकरी वर्गाचे, निरनिराळ्या कामांमुळे झालेले, तीन भेद म्हणून सांगितले आहेत. इकडे इंग्रजी व निजामी राज्यांत शिरगणती सुरू झाली. शिरगणतीच्या तक्त्यात प्रत्येक मनुष्यास एकच रकाना मिळतो. जो शब्द लवचीकपणे धंदा, प्रतिष्ठा, कुळ यांमधून हिंडत होता, तो त्या रकान्यात बसताच जातीचे पक्के नाव झाला. कारकुनाने कोणास कुणबी लिहिले, कोणास मराठा, तर कोणास नुसते शेतकरी. त्याने विचारले काय, समोरच्याने सांगितले काय, आणि उर्दूत वा मोडीत उतरले काय, या तीन पायऱ्यांवर अर्थ तीनदा हलला असेल. त्यात मोडी म्हणजे ऱ्हस्वदीर्घाचा भेद न मानणारी व लघुरूपांची आवड असलेली लिपी. परंतु लिहिणाऱ्यास काय ठाऊक की, आपल्या एका फटकाऱ्यावर तीन पिढ्यांनंतर कोणाचे तरी शिक्षण अवलंबून राहणार आहे?

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावी २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे यांनी मराठा आरक्षणासाठी उपोषण आरंभिले. १ सप्टेंबर रोजी तेथे पोलिसांचा लाठीमार झाला आणि ते नाव महाराष्ट्रभर पोहोचले. निजामकालीन नोंदींच्या आधारे कुणबी दाखले मिळावेत ही त्यांची मागणी होती. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि दप्तरांचे रुमाल सुटू लागले. परंतु नोंद सापडली तरी ती एका मनुष्याची. तिचा लाभ कोणाकोणास? आंदोलकांनी म्हटले, त्याच्या ‘सगेसोयऱ्यांस’. येथून दुसऱ्या शब्दाची कथा सुरू होते.

घरगुती मराठीत ‘सगेसोयरे’ हा शब्द लग्नपत्रिकेतला. ‘सगे’ म्हणजे रक्ताचे, ‘सोयरे’ म्हणजे विवाहाने जोडलेले. पण बोलताना कोणी असा भेद करीत नाही. कायद्यापुढे मात्र तो भेद प्राणाचा ठरला. जातीचा दाखला देताना पित्याकडील वंश पाहण्याची रीत. आणि सोयरे तर विवाहाने येतात. २६ जानेवारी २०२४ रोजी सरकारने अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध करून त्यात या शब्दाची व्याख्या दिली. वडील, आजोबा, पणजोबा व त्यापूर्वीच्या पिढ्यांत जातीतल्या जातीत झालेल्या विवाहांतून जडलेले नातेवाईक, असा तिचा मथितार्थ होता. म्हणजे ‘कुणबी’ शब्दाचा अर्थ ठरविण्यासाठी ‘सगेसोयरे’ हा शब्द घेतला. त्याचा अर्थ ठरविण्यासाठी ‘सजातीय विवाह’ हे शब्द घ्यावे लागले. आणि विवाह सजातीय होता हे ठरवावयाचे तर दोन्ही कुळांची जात आधी ठाऊक हवी, म्हणजे पुन्हा पहिल्याच शब्दापाशी येणे आले. शब्दकोशात फिरणारा वाचक जेथे येऊन पोहोचतो, तेथेच राज्याचा कायदाही येऊन पोहोचला.

या व्याख्येस इतर मागासवर्गीयांतील अनेक संघटनांनी हरकत घेतली. जून २०२४ मध्ये त्याच अंबड तालुक्यात, अंतरवालीच्या जवळच असलेल्या वडीगोद्री येथे, त्यांच्या बाजूनेही उपोषण झाले. त्यांचे म्हणणे असे की, शब्दाची कड अशी सैल केली तर आधीच अपुऱ्या असलेल्या वाट्यात आणखी वाटेकरी येतील. एका मांडवात जो शब्द न्यायाचे दार होता, तोच दुसऱ्या मांडवात घरात शिरणारी वाट ठरला. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदी विचारात घेण्याविषयी शासननिर्णय काढला. परंतु गॅझेटियरमध्ये समाजाची संख्या असते, व्यक्तीचे नाव नसते. संख्येवरून व्यक्तीकडे येण्यासाठी शपथपत्र, आणि शपथपत्राची शहानिशा करण्यासाठी गावपातळीवरची समिती, अशी योजना त्यात करावी लागली. अर्थ पुन्हा एकदा पुढच्या कागदाकडे सोपविला गेला.

येथवर ऐकून कोणी असे म्हणेल की, शब्दांचा अर्थ जर असा कधीच ठरत नसेल तर सारे बोलणेच व्यर्थ. मग ज्याने त्याने हवा तो अर्थ घ्यावा. देरिदाच्या टीकाकारांनी त्याच्यावर हाच आक्षेप घेतला. परंतु वरील उदाहरणे तसे सांगत नाहीत. भोकरदन म्हणजे असई असे कोणी म्हणू शकत नाही. राजवाड्यांना रानड्यांचे वाचन खोडून काढण्यासाठी जुने कागद शोधावे लागले. ‘सगेसोयरे’ या शब्दावर दोन्ही मांडवांत उपोषणे झाली, ती शब्द पोकळ आहे म्हणून नव्हे; त्यात पुष्कळ काही भरलेले आहे म्हणून. अर्थ अस्थिर आहे म्हणजे तो नाही असे नव्हे. तो कोणाच्याही एकट्याच्या मालकीचा नाही, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

मात्र यातून एक अवघड गोष्ट पदरात येते. जुने पान उलटून त्यातील एका शब्दावर बोट ठेवले म्हणजे प्रश्न सुटला, असे मनुष्यास वाटत असते. निर्णय कारकुनाने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे, आपण तो नुसता वाचावयाचा, अशी ती सोयीची कल्पना असते. परंतु त्या कारकुनाने असा कोणताच निर्णय केलेला नव्हता. त्याने एक रकाना भरला होता. कोणास किती वाटा मिळावा, कोण किती मागे राहिला आहे, कोणाचे दुःख कोणी पदरात घ्यावे, हे ठरविण्याचे काम त्या शब्दाचे नव्हे. ते आज जिवंत असलेल्या माणसांचे आहे, आणि त्यांनी ते समोरासमोर बसून, आपण ठरवीत आहोत हे मान्य करून, करावयाचे आहे. शब्दाच्या आड उभे राहिले तर ते काम टळत नाही. केवळ लांबणीवर पडते.

अंबड तालुक्यातल्या त्या दोन मांडवांत बसणारी माणसे एकाच बाजारात धान्य विकतात, एकाच पावसाची वाट पाहतात, आणि एकच मराठी बोलतात. ‘कुणबी’ या शब्दाचा एक जुना अर्थ, शेतीवाडी करून कुटुंब पोसणारा गृहस्थ, त्या दोहोंसही लागू पडतो. त्या अर्थाने तंटा मिटेल असे नाही. दाखल्याच्या रकान्यात त्याला जागा नाही. तथापि तो अर्थ त्या शब्दात अजून आहे, आणि वाचणारा मिळेपर्यंत तो तेथे राहीलही.